लाभ

चिठ्ठी दिली ती मेडिकलवाल्या पोरानं.
खोकल्याचं औषध मागत होतो, आठवड्यात तिसऱ्यांदा,
आणि खोकला मला नव्हताच.
त्यानं बाटली काढली नाही.
पावतीच्या पाठीवर लिहिलं:
कोपरखैरणे, पालिकेची शाळा, दुसरा मजला,
बुधवार, साडेसात.
खाली नाव, परशराम. आडनाव नाही.

चिठ्ठी खिशातच राहिली, धुण्यात गेली.
शेवंतानं ती तव्यावर धरली,
पापड शेकावा तशी, जपून, काठ उलटत,
आणि माझ्या डब्याच्या झाकणाखाली ठेवली.
बोलली काहीच नाही.

पहिल्या बुधवारी सेक्टर चुकलो.
या शहरात सेक्टरांना आकडे आहेत,
पण आकडे शेजाऱ्यासारखे राहत नाहीत.
रिक्षावाल्यानं विचारलं, शाळेत कोण, मुलगा? कितवीला?
म्हटलं, चौथीला.
चौथीतच सुटली होती माझी.

दुसऱ्या बुधवारी शाळा सापडली.
समोरचा बारही सापडला.
पुढचं मला आठवत नाही.
शेवंताला आठवतं,
ती सांगत नाही.

तिसऱ्या बुधवारी वॉचमन
मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला,
वर जा, दिवा लागलाय.

वर्ग तिसरीचा.
बाक एवढे बुटके की गुडघे हनुवटीशी.
भिंतीवर कागदाची फुलपाखरं, सोळापर्यंत पाढे,
फळ्याच्या कोपऱ्यात पट ४१, हजर ३६.
आम्ही नऊ.
दिवाळ्याचा एक कोळी, बोटांना जाळ्याचे चरे.
ऐरोलीच्या कंपनीतला पोरगा, बूट आरशासारखे.
बँकेतनं निवृत्त झालेली बाई,
पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर.
परशराम लिफ्ट दुरुस्त करतो.
त्यानं मला चहा अर्धाच ओतला.
म्हणाला, भरलेला सांडतो, पहिल्या दिवशी.
सांडला तरीही.

उपदेश कुणी केला नाही. मी वाटच बघत होतो,
आयुष्यभराची सवय.
बाई म्हणाल्या, मी बाटली तांदळाच्या डब्यात ठेवायचे,
मला हसू फुटलं.
माझी कांद्याच्या गोणीत असायची.
मग त्याही हसल्या, आणि पर्सवरचा एक हात
जरा सैल झाला.

माझी पाळी आली.
मी मापाडी. तीस वर्षं कांदा-बटाट्याच्या बाजारात
दुसऱ्याचा माल तोलला,
काटा कधी इकडचा तिकडं होऊ दिला नाही.
घरी मात्र, एकच घेतली, म्हणायचो.
पावशेर, नवटाक,
ही मापं बाजारातनं केव्हाच गेली,
माझ्या जिभेवर तेवढी राहिली.
हे सगळं मनात. तोंडानं फक्त नाव सांगितलं,
तेही घसा खाकरून.
या वेळी खोकला खरा होता.

परशरामनं विचारलं, किती दिवस?
मंगळवारची रात्र वजा केली,
बुधवारची पहाट धरली, न धरली.
आमच्यात गोण्या मोजताना
पहिलीला एक म्हणत नाहीत.
लाभ म्हणायचं. मग दोन. मग तीन.
माझ्या बापानं शिकवलेलं,
त्याचा तोल जायचा तोही याच आकड्यांवर.
मी म्हटलं,
लाभ.

कंपनीतला पोरगा बघतच राहिला.
परशरामनं वहीत १ लिहिला,
पेन पुसट चालत होतं म्हणून
तोच आकडा पुन्हा गिरवला.

खाली उतरलो. बारची पाटी लाल, हिरवी, लाल.
रस्ता ओलांडला नाही,
गटाराच्या कडेकडेनं, शाळेच्या भिंतीला हात लावत
कोपऱ्यापर्यंत आलो.
उद्या दोन म्हणायला येईल का, ठाऊक नाही.
बाजारात कैक गाड्या
पहिल्या गोणीवरच थांबलेल्या बघितल्यात.

घरी शेवंता भाकरी थापत होती.
सापडली का शाळा?
सापडली, म्हटलं. तिसरीत बसवलंय.
तिची पाठ थोडी हलली.
हसली का, ते दिसलं नाही,
तोंड तव्याकडं होतं.